वडिलांच्या मनगटावर काय बांधायचं, आणि त्या आकड्यांकडे बघायचं कोणी?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील ७४ वर्षांचे, हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाला रक्त नीट ढकलता येत नाही; पंपिंग तीस टक्के, म्हणजे दर ठोक्याला हृदयातलं तीसच टक्के रक्त बाहेर जातं. सहा महिन्यांत दोनदा धाप लागून ॲडमिट झाले, दुसऱ्या डिस्चार्जला आता दोन आठवडे होतील. घरी आई-वडील दोघंच, आणि तुम्ही आठ तासांच्या अंतरावर. तुम्ही तीन वस्तू हेरून ठेवल्या आहेत: ईसीजी काढणारं घड्याळ, ऑक्सिजन मोजणारी अंगठी आणि छातीला चिकटवायचा पॅच. सगळ्यांचे आकडे चोवीस तास तुमच्या फोनवर येतील. "यातलं नेमकं कोणतं घेऊ?" असं तुम्ही विचारलंय.

यातलं काहीही घ्या, फार फरक पडणार नाही, असं एका ओळीत सांगितलं तर तुम्ही चिडाल, आणि ते बरोबरच आहे. म्हणून सविस्तर लिहिते. तुम्हाला घड्याळ नकोय. तिसऱ्यांदा ॲडमिट करायची वेळ यायच्या आधी कुणाला तरी ते कळावं आणि कळल्यावर काही करता यावं, हे तुम्हाला हवंय. कळण्याचं काम यंत्र करेल. करण्याचं काम कोण करणार, हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेलं नाही.

मी नर्स आहे. हृदयविकाराच्या वॉर्डात बारा वर्षं काढली आणि गेली नऊ वर्षं घरी गेलेल्या पेशंटचे आकडे जिथे येतात त्या टेबलावर बसते. सकाळी आठला स्क्रीन उघडला की दीडशेच्या आसपास नावं समोर येतात, काही लाल, काही पिवळी, बरीचशी हिरवी. औषध बदलायचा अधिकार डॉक्टरांचा. पण आज आधी फोन कुणाला लावायचा हे पहिल्या अर्ध्या तासात मीच ठरवते. वडिलांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. त्यांना पेसमेकर आहे का, किडनी कशी आहे, ठोके आधीपासून अनियमित आहेत का, यावर बरंच काही बदलतं. तेव्हा खालचं सगळं त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी ठेवा, परस्पर अमलात आणू नका.

घरी यंत्रं दिल्याने ॲडमिशन कमी होतात का, हे मोठ्या अभ्यासांत तपासून झालंय, आणि गंमत म्हणजे उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेतल्या 'टेली-एचएफ' अभ्यासाचा निकाल आला. १,६५३ पेशंट होते. त्यातल्या निम्म्यांनी रोज फोन करून आपलं वजन आणि होणारा त्रास एका स्वयंचलित यंत्रणेला सांगायचा, आणि दवाखान्यातली मंडळी ते बघायची. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत काही फरक निघाला नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत तीनदा तरी फोन करणारे जेमतेम ५५ टक्के उरले होते. २०१६ मध्ये 'बीट-एचएफ' आला. यात १,४३७ पेशंट, वजनकाटा आणि बीपीचं मशीन वायरलेस, शिवाय नर्सचे फोन. तरीही सहा महिन्यांत पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं. मग २०१८ मध्ये जर्मनीतून 'टिम-एचएफ२' आला. १,५७१ पेशंट होते, आणि मोजायचं काय, तर वजन, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन. इथे मात्र मृत्यू कमी झाले. हृदयाच्या त्रासाने अचानक ॲडमिट झाल्यामुळे किंवा मृत्यूमुळे वाया गेलेले दिवस नेहमीच्या उपचारांत वर्षाला सरासरी २४.२ होते, देखरेखीच्या गटात १७.८.

तिन्ही ठिकाणची यंत्रं बघितली तर असा फरक पडावा इतकी काही वेगळी नव्हती. माझ्या मते फरक होता टेबलामागच्या माणसांचा. जर्मनीतल्या त्या केंद्रात डॉक्टर आणि नर्स आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास बसलेले होते. आकडा बिघडला की तेव्हाच पेशंटशी बोलून पुढचं ठरत होतं. आणि पेशंटही निवडून घेतले होते: गेल्या वर्षभरात हार्ट फेल्युअरने ॲडमिट होऊन आलेले. म्हणजे तुमचे वडील अगदी त्या गटात बसतात, ही त्यातली जमेची बाजू.

आता मोजायचं काय, याकडे येते. हार्ट फेल्युअर बिघडतं त्याला एक क्रम असतो. हृदय पुरेसं रक्त ढकलत नाही, किडनीला वाटतं शरीरात पाणी कमी पडलंय, मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब हळूहळू चढतो. पाय सुजतात, झोपल्यावर दम लागतो, शेवटी बसल्या जागी धाप लागते. रक्तातला ऑक्सिजन बहुतेकदा या रांगेत अगदी शेवटी पडतो. तुम्ही निवडलेली अंगठी जी बातमी देणार आहे, ती पेशंट दारात धापा टाकत उभा असताना येणारी बातमी आहे. तोवर तुमच्या आईला यंत्राशिवायही कळलेलं असेल.

लवकर बोलतो तो दाब. तो मोजायला फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत बसवायचा इवलासा सेन्सर आहे. २०११ च्या 'चॅम्पियन' अभ्यासात ५५० पेशंटवर त्याचा वापर झाला आणि ॲडमिशन खरोखर कमी झाली. पण तो बसवायला प्रोसिजर लागते, तो सगळ्यांसाठी नाही. त्याच्या खालोखाल, बराच ओबडधोबड पण घरोघरी जमण्यासारखा उपाय म्हणजे वजन. लिटरभर पाणी साठलं की काट्यावर किलोभर दिसतं, त्यात गणित काही नाही. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढ झाली तर कळवा, असं आम्ही डिस्चार्जच्या वेळी प्रत्येकाला सांगतो.

एका पेशंटच्या वजनाचे आकडे मला अजून पाठ आहेत. सोमवारी ६८.४. मंगळवारी ६८.९. बुधवारी ६९.६. गुरुवारी सकाळी ७०.७. घड्याळही त्यांच्या हातात होतं. ठोके ७२, ऑक्सिजन ९६, सगळं हिरवं. मी फोन केला. "सिस्टर, मी एकदम मस्त आहे," असं ऐकवलं. हे सगळेच म्हणतात, कारण पुन्हा ॲडमिट व्हायचं नसतं. म्हणून मी 'बरं वाटतंय का' असं विचारतच नाही. मी विचारलं, "काका, रात्री उशा किती घेता?" थोडा वेळ शांतता. "आधी दोन घ्यायचो." आणि आता? "आता उशा नाही लागत. खुर्चीतच झोपतो."

खुर्चीत झोपणारा पेशंट म्हणजे फुप्फुसात पाणी चढायला लागलेला पेशंट. डॉक्टरांनी त्याच दिवशी रक्त तपासायला सांगून लघवीची गोळी, म्हणजे साठलेलं पाणी लघवीवाटे बाहेर काढणारी, वाढवली. रविवारी वजन ६८.८ होतं आणि काका पलंगावर झोपले होते. नीट बघा, काट्याने फक्त मला फोन उचलायला लावलं. निदान झालं ते उशीच्या प्रश्नावर. घड्याळाचे ठोके ७२ वरून हलले नव्हते याचंही कारण होतं: ते बीटा ब्लॉकरवर होते, आणि ते औषध ठोके सहजासहजी वाढू देत नाही. तुमच्या वडिलांनाही बहुधा ते चालू असेल. तेव्हा 'ठोके नॉर्मल आहेत म्हणजे ठीक आहेत' हा हिशेब त्यांच्या बाबतीत धरू नका.

वजनाचंही सगळं खरं मानू नका. काहींचं वजन न वाढता तब्येत बिघडते. काहींची भूक जाते, अंगातलं मांस कमी होतं, त्या जागी पाणी भरतं आणि काटा जागचा हलत नाही. म्हणून वजनाबरोबर दोन प्रश्न रोज विचारायचे: झोप कशी लागली, आणि चप्पल घट्ट होतेय का?

घड्याळातल्या आकड्यांचं थोडं मूळ समजून घेतलं तर भीती आणि भरवसा दोन्ही बेताचे राहतात. घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो. त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश वापरतात, कारण ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. ही कल्पना जपानी इंजिनिअर ताकुओ आओयागी यांची, १९७४ ची. बोटाला लावायच्या चिमट्यात प्रकाश आरपार जातो. मनगटावर तो फक्त परत फिरून येतो, त्यामुळे सिग्नल कमकुवत. पट्टा सैल, हात गार, हालचाल, गोंदण, काहीही आड येतं. त्वचेचा रंगही. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेल्या तपासणीत चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ च्या खाली असलेले कृष्णवर्णीय पेशंट ११.७ टक्के निघाले, गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के. आणि हा दवाखान्यातला चिमटा होता. चिमट्यावर ९० दिसलं तरी खरा आकडा ८६ ते ९४ मध्ये कुठेही असू शकतो. एकट्या रीडिंगवरून पळापळ करू नका. हात ऊबदार करून, पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा घ्या, आणि आकडा कुठल्या बाजूला सरकतोय ते बघा.

ठोके अनियमित असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर प्रकाशाचं घड्याळ ठोके कमीही मोजतं. काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत त्यांची लाट पोचतच नाही.

ईसीजीच्या घड्याळाचं तुम्हाला फार आकर्षण दिसतंय. मलाही होतं. नॉर्मन होल्टर यांनी हिंडत्याफिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओवरून पाठवला तेव्हा ते यंत्र पाठीवर बांधावं लागायचं, वजन सुमारे ३८ किलो. आता तेच काम बोट टेकवून तीस सेकंदांत होतं, याचं नवल मला रोज वाटतं. पण ती एकच लीड असते, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारी रेघ. छातीत धडधड होतेय, येते आणि जाते, दवाखान्यात पोचेपर्यंत थांबते, अशा माणसाला तिचा फार उपयोग आहे. हार्ट अटॅक तिच्यावरून ओळखता येत नाही, हे मात्र आईला नक्की सांगून ठेवा. छातीत दुखत असताना घड्याळ 'नॉर्मल' म्हणालं म्हणून घरी बसलेले लोक मी पाहिले आहेत. ॲपल वॉचच्या २०१९ च्या अभ्यासात ४,१९,२९७ माणसं होती. 'ठोके अनियमित' असा इशारा त्यातल्या २,१६१ जणांना गेला. ज्यांनी नंतर ईसीजीचा पॅच लावून परत पाठवला, त्यांच्यात ३४ टक्क्यांना त्या काळात एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. बाकीच्यांना नव्हतंच असं नाही, ते येऊन-जाऊन असतं. पण इशारा आला म्हणजे निदान झालं असं होत नाही, एवढं त्यातून घ्या. शिवाय ही सोय आधी निदान न झालेल्यांसाठी बनवलेली आहे. वडिलांना हे आधीच माहीत असेल, त्यावर रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर घड्याळ तुम्हाला तीच बातमी रोज नव्याने देणार.

कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा, नसलेल्या घड्याळाच्या बीपीवर औषध ठरवू नका. दंडाला कफ बांधायचं साधं मशीन घ्या. आणि सुई न टोचता साखर मोजणारी घड्याळं, अंगठ्या विकायला दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. अशा एकाही वस्तूला मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. दंडावर लावायचा ग्लुकोज सेन्सर निराळा. त्याची बारीक तार त्वचेखाली जाते, तो खरा आहे.

आता तुमच्या 'चोवीस तास माझ्या फोनवर' या वाक्याबद्दल. समजा यंत्र दर पाच मिनिटांनी रीडिंग घेतं. दिवसाला २८८. त्यातली शंभरातली एकच चुकली तरी रोज तीन खोटे अलार्म. चार गोष्टी मोजल्या की डझनभर. पहिल्या आठवड्यात तुम्ही प्रत्येक वेळी आईला फोन कराल. दुसऱ्या आठवड्यात आई वैतागेल. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही आवाज बंद कराल, आणि चौथ्यात खरा अलार्म येईल. आमच्याकडेही सुरुवातीला हेच झालं होतं. रात्री तीनला एकाचा ऑक्सिजन ८१ दिसला, घरच्यांना उठवलं, तर काका हात अंगाखाली घेऊन घोरत होते. त्यानंतर रात्रीची एकेकटी रीडिंग आम्ही अलार्ममधून काढूनच टाकली. सकाळचं एक वजन, सकाळ-संध्याकाळचं बीपी, दोन प्रश्न. बाकीचं सगळं साठत राहतं, गरज पडली तर मागे जाऊन बघतो.

आणि अलार्मपेक्षा मी ज्याला घाबरते ती म्हणजे रिकामी जागा. रोज न चुकता येणारं वजन दोन दिवस आलं नाही की मी त्या घरी आधी फोन करते, लाल नावांच्याही आधी. कधी बॅटरी संपलेली असते, कधी फोन बदललेला असतो आणि ब्लूटूथ जोडलेलंच नसतं. पण बरेचदा माणसाला काट्यावर उभं राहायचा उत्साहच उरलेला नसतो, किंवा आकडा वाढलाय हे बघून तो आपल्यापासून लपवत असतो. याच्या उलटही घडतं. एका आजोबांचे आठवडाभर सुरेख आकडे आले, विश्रांतीतले ठोके ५८, दिवसाला चौदा हजार पावलं. पंपिंग पंचवीस टक्के असलेला माणूस चौदा हजार पावलं चालेल कसा? घड्याळ नातवाच्या हातात होतं. आजोबांना ते खुपायचं.

यावरून आठवलं, वडिलांना विचारलंय का? त्यांची झोप, त्यांचं चालणं, ते बाथरूमला कितीदा उठतात, हे सगळं मुलीच्या फोनवर दिसणार आहे. काहींना त्याचा आधार वाटतो, काहींना पाळत. नको म्हणाले तर रोज सकाळी काट्याचा फोटो पाठवणंही पुरतं. माझ्या यादीत असे फोटोवाले पेशंट आहेत आणि ते ॲपवाल्यांपेक्षा जास्त नियमित आहेत.

मग तुमच्यापुरतं असं करा. काहीही विकत घेण्याआधी वडिलांच्या डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. त्यांच्याकडे किंवा हॉस्पिटलमध्ये असे आकडे बघणारं कुणी आहे का, कोणत्या वेळात? वजन कितीने वाढलं की कळवायचं, आणि कोणत्या नंबरवर? लघवीची गोळी घरच्या घरी वाढवायची त्यांची लेखी सूचना आहे का, की दर वेळी विचारायचं? काही पेशंटना ती मुभा देतात, किडनी नाजूक असेल तर देत नाहीत. आणि चौथी, पेसमेकर किंवा आयसीडी (ठोके घातक रीतीने बिघडले तर आतून शॉक देणारं यंत्र) असेल तर त्याचं घरून मॉनिटरिंग चालू आहे का? ते यंत्र छातीत आधीच बसलेलं असतं, कित्येकदा फक्त त्याचे आकडे पाठवणारी पेटी खोक्यातून काढलेली नसते. पेसमेकर असेल तर चुंबक असलेला चार्जर आणि घड्याळ छातीपासून वीतभर लांब ठेवायला सांगा, आणि अंगातली चरबी मोजणारा काटा घेऊ नका. तो तळपायातून बारीक करंट सोडतो. साधा डिजिटल, शंभर ग्रॅमचा फरक दाखवणारा पुरे. बघणारं कुणीच नसेल, तर आकडे तुम्ही बघाल, पण 'या आकड्याला हे करायचं' असा कागद डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या.

हे सगळं बसल्यावर घड्याळ घ्यायचं असेल तर घ्या. पडल्याचं ओळखून फोन लावणारं असेल तर त्या वयाला ते उपयोगाचं आहे. पॅच मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. अंगठीचं मी वर लिहिलंच आहे.

छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, बोलताना वाक्य पुरं न होणं, चक्कर येऊन पडणं, अचानक असंबद्ध बोलणं, यातलं काहीही झालं तर कोणत्याही स्क्रीनकडे न बघता थेट ॲम्ब्युलन्स. आईच्या फोनमध्ये तो नंबर सगळ्यात वर ठेवा.

आणि आज एक काम करा. डिस्चार्ज कार्डवर शेवटच्या दिवशीचं वजन लिहिलेलं असेल, सूज उतरल्यानंतरचं. ते शोधा. पुढचे सगळे आकडे त्याच्याशी ताडून बघायचे आहेत. पण हॉस्पिटलचा काटा आणि घरचा काटा एक किलोनेही इकडेतिकडे असू शकतो. म्हणून पुढच्या तपासणीच्या दिवशी सकाळी, लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, रोजच्याच कपड्यांत घरच्या काट्यावर उभं करा. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. तो आकडा घेऊन तपासणीला जा आणि डॉक्टरांना विचारा, "सूज नसतानाचं यांचं वजन आमच्या काट्यावर किती धरायचं?" ते सांगतील तो आकडा काट्यावरच मार्करने लिहून ठेवा.